थोरली, धाकटी आणि काकांची मिशी

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "डावऱ्या की उजव्या?"

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गंगापूर रोडवर तेव्हा बंगले कमी आणि पेरूच्या बागा जास्त. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती, पण नाशकात डोक्यावर छप्पर मिळेना. आम्ही चांदवडकडचे बौद्ध. घरमालक आधी आडनाव विचारायचे, आणि ते ऐकलं की प्रत्येकाला एकदम आपला एक पुतण्या आठवायचा. तो जूनपासून कॉलेजला येणार असायचा आणि खोली नेमकी त्याच्यासाठी राखून ठेवलेली असायची. या पुतण्यांचा मला इतका वीट आला होता की गेटमधून आत शिरतानाच माझं तोंड वाकडं झालेलं होतं. आणि हे गृहस्थ आडनाव सोडून हात विचारत होते.

"उजव्या," मी म्हटलं.

"मग ठीक. डावऱ्या माणसाचे या घरात फार हाल होतात." त्यांनी वरच्या खोलीचं दार दाखवलं. दाराला कडी नव्हती, बंदुकीला असतो तसला बोल्ट होता. मूठ वर उचलायची, दांडा पुढं ढकलायचा, मूठ उजवीकडे खाली पाडायची. घरातल्या यच्चयावत दारांना त्यांनी लोहाराकडून असले बोल्ट करवून घेतले होते. न्हाणीघरालासुद्धा. काकूंचे एक डावरे मामा तिथं आत अडकून पडले होते आणि शेवटी भिंतीवरच्या झरोक्यातून काकांनी त्यांना "उचला, ओढा" असे हुकूम देऊन बाहेर काढलं होतं, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझं आडनाव काकांनी विचारलं ते पुढच्या महिन्यात, भाड्याची पावती लिहायची म्हणून. लिहिलं आणि पावती फाडून दिली, बस्स. माझ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लावायला खिळाही त्यांनीच ठोकला, आणि तो सरळ बसला की नाही ते ओळंबा लावून पाहिलं.

काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मूळचे बागलाणातले, एका पाटलाचा मुलगा. उंच, काटक, आणि नाकाखाली दोन्ही टोकं वर वळवलेली मिशी. एरवी बोलणं आपल्यासारखंच, पण भावना अनावर झाल्या की तोंडून अहिराणी निसटायची. त्या मिशीची आणि त्यांच्या दोन रायफलींची निगा ते सारख्याच निष्ठेनं राखत.

रविवारी सकाळी व्हरांड्यात सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर आणि चादरीवर शेजारी शेजारी त्या दोघी. एकाच विलायती कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकच काडतूस खाणाऱ्या. जुनी होती वडिलांची, युद्धाच्या आधीची. तिला काका थोरली म्हणत. नवी ती धाकटी. या दोघींची तुलना ऐकणं हे भाडेकरूचं कर्तव्य होतं. दूधवाला, पोस्टमन, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, यांतून कोणाचीही सुटका नसे. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्या दोघींचं झालं की तिसरीकडे पण बघा जरा. तिसरीला रॉकेल आणून हवंय."

धाकटी घरात आली ती काकांच्या चुकीनं. परदेशी जाऊन आलेले एक लष्करी अधिकारी ती विकणार आहेत असं कळल्यावर काका देवळालीला धावले. पेटीवर कंपनीचं तेच नाव, तोच नमुना. काकांनी बोल्ट न उघडताच सौदा पक्का केला. घरी येऊन उघडतात तो काय, मधल्या काळात कंपनीनं नाव तेवढं ठेवून आतलं सगळं बदललेलं. "बघायला नेलं एकीला आणि बोहल्यावर उभी केली दुसरी," असं ते म्हणायचे. पण दिलेला शब्द मागं घेणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी धाकटीला ठेवून घेतलं आणि आयुष्यभर टोमणे मारले.

"ही नक्षी बघा, बाई. थोरलीच्या दस्त्यावर माणसानं हातानं कोरलीय. हिच्यावर ठसा दाबलाय, नानकटाईवर दाबतात तसा. हे खटक्याभोवतीचं कडं थोरलीला पोलादाचं, हिला ॲल्युमिनियमचं. पातेली करतात त्याचं! आणि हे, हे तर बघवत नाही." मग ते धाकटीच्या नळीखालून नख फिरवून दाखवत. नळी आणि लाकूड यांच्यात मुळात सरळ फट होती. थोरलीची नळी लाकडात अशी चपखल बसलेली की केससुद्धा जाणार नाही. "माझ्या साइटवर सुतारानं अशी चौकट बसवली असती तर मी त्याला दारातून आत येऊ दिलं नसतं."

ती फट त्यांनी बुजवली होती. मेण आणि राळ एकत्र वितळवून. दर खंडेनवमीला दोघींची पूजा व्हायची, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, आणि पूजा आटोपली की काका वाटीत मेण पातळ करून धाकटीची फट नव्यानं भरायचे. तेवढं एक काम ते मायेनं करायचे, हे मला मान्य करायलाच हवं.

पण त्यांचा खरा मुद्दा पुढचाच होता. थोरलीच्या बोल्टला लांब पोलादी पंजा होता. काडतूस वर आलं की तो त्याची कड धरायचा आणि नळीत नेऊन बसवायचा. मध्येच बोल्ट मागं ओढला तर काडतूसही त्याच्याबरोबर परत यायचं. धाकटीचा बोल्ट आधी धरत नसे. तो काडतुसाला मागून ढकलायचा, आणि ते पार आत गेलं की मग धरायचा. अर्ध्या वाटेवरून हात मागं फिरला तर पहिलं काडतूस तिथंच पडून राहायचं, मागून दुसरं यायचं आणि दोन्ही अडकायची.

"जुनी हात धरून नेते, नवी पाठीत ढकलते," हे काकांचं वाक्य. ते त्यांनी कशाला म्हणून लावलं नाही? डॉक्टरांना, एसटीच्या कंडक्टरांना, सासवांना, सरकारला. नवीन इंजिनिअर साहेब आला की संध्याकाळी व्हरांड्यात निकाल: "ढकलणारा दिसतोय." मी शाळेतून वह्यांचा गठ्ठा घेऊन आले की विचारायचे, "काय बाई, आज पोरींचा हात धरला की ढकललं?" मी चिडायचे. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलीला फळ्यापाशी उभी करून पुढचा प्रश्न टाकताना मला ते वाक्य हटकून आठवायचं. शिकवण्याबद्दल इतकं उपयोगी मला बी. एड.ला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या पंजावर त्यांचा जीव का होता, ते एकदा त्यांनी हसू न आणता सांगितलं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना उसात जखमी डुक्कर शिरलं. वडील बांधावर, हे जांभळीच्या फांदीवर. डुक्कर अंगावर आलं तेव्हा वडिलांचा हात असा कापायला लागला की बोल्ट अर्ध्यावर गेला, मागं आला, परत पुढं गेला. "मी वरून बघत होतो. दुसरी कुठली असती तर तिथंच अडकली असती. थोरलीनं काडतूस सोडलं नाही. घाबरलेल्या माणसालासुद्धा सांभाळून घेते ती." शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा बाकीचे शिकारी हळहळले. काका म्हणाले, बरं झालं, जनावरं सुटली आणि मीही सुटलो. त्यानंतर त्यांनी रायफल उचलली ती फक्त रायफल क्लबाच्या चांदमारीवर, कागदावर गोळ्या घालायला.

त्यांचं हात धरून नेणं बंदुकीपुरतं मात्र नव्हतं. त्यांना एकच मुलगी, बेबी. कॉलेजात फिजिक्स घेऊन बी. एस्सी. करत होती, उंचीला बापाच्या कानाला लागलेली. तरी द्वारकेचा चौक ओलांडताना काका एक हात वर करून आग्रा रोडचे ट्रक थांबवायचे आणि दुसऱ्या हातानं बेबीचं मनगट घट्ट धरायचे. चौकातले ट्रान्सपोर्टवाले हसायचे. बेबी मान खाली घालून ओढली जायची. मला एकदा म्हणाली, "ताई, माझं लग्न झालं तरी बाबा मनगट धरूनच बोहल्यावर नेतील."

ही बेबी रायफल अशी चालवायची की क्लबातले मोठमोठे मिशीवाले तिच्यामागं उभं राहून बघत. पुण्याला राज्य स्पर्धा होती आणि नाशिकच्या संघात तिची निवड झाली होती. पण काकूंनी आधीच बजावलं होतं. सटाण्याकडची दोन स्थळं खोळंबली होती. "या वर्षी तिथं नंबर आला तर पुढचं बघू. नाही आला तर बंदूक कपाटात आणि तू पाटावर. माझं हे शेवटचं." काकूंचं शेवटचं म्हणजे शेवटचंच असायचं. बेबीला पुण्याची ही एकच संधी होती.

आणि बेबीला ती धाकटी घेऊन हवी होती.

काका चहा पिता पिता थांबले. "धाकटी? शेवटच्या संधीला?"

"बाबा, ती हलकी आहे. तिचा खटका हलका, साफ तुटतो. मला खांद्याला बरी बसते."

"आणि ऐन वेळी अडकली म्हणजे? हात कापला म्हणजे?"

"चांदमारीवर डुक्कर येत नाही, बाबा."

"घाबरायला डुक्कर लागत नाही. सगळेच घाबरतात."

"मी नाही घाबरत."

"माझे वडील घाबरले होते!" काकांचा आवाज चढला. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि ओव्हरसियरी खाक्याप्रमाणं सांगितलं की वाद नको, मोजमाप करू. दोघांनी दोन्ही रायफलींनी पाच-पाच गोळ्या घालायच्या. जिच्या गोळ्या जवळ जवळ पडतील ती पुण्याला जाईल. एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? क्लबात जाऊन त्यांनी दहा माणसांसमोर मिशीवर हात ठेवून जाहीर केलं, "धाकटी जिंकली तर ही उतरवतो."

आता बेबीच्या डोक्यात एक शंका बरेच दिवस घर करून होती. धाकटीच्या पहिल्या दोन गोळ्या हुकमी जातात, मग नळी तापली की बाकीच्या भरकटतात, असं का? काका म्हणायचे, जातच तशी. बेबी म्हणत होती, जात कसली, तापलेली नळी थोडी वाढते, हलते, तिला जागा लागते, आणि तिच्या खाली बाबांनी मेण कोंबलंय. "ताई, ती फट सुताराची चूक नसेलच. कंपनीनं मुद्दाम ठेवली असेल तर?"

काका पेठकडे दौऱ्यावर गेले त्या दुपारी ती धाकटीला घेऊन माझ्या खोलीत आली. कपाटाची किल्ली काकूंनीच दिली होती, आणि स्वेटर विणायची सुईसुद्धा. नळी आणि लाकूड वेगळं करून आम्ही दोघींनी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मेण मऊ केलं आणि सुईनं उकरून काढलं. किती खंडेनवम्यांचं मेण होतं ते! थरावर थर, मध्ये कुठं कुठं वाळलेली झेंडूची पाकळी. बेबी ती पाकळी बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसली. "बिचारे बाबा," म्हणाली, "किती मन लावून बिघडवलीय." मग लाकूड कोरडं करून तेल दिलं आणि धाकटीला होती तशी कपाटात ठेवली.

श्रावणातल्या रविवारी सगळे चांदमारीवर जमले. आठवडाभर झड लागून गेली होती, जमीन चिकचिकीत, हवा ओलसर. क्लबाचे सेक्रेटरी टारगेटं लावत होते. मी छत्री धरून उभी होते आणि सारखी धाकटीच्या नळीकडे बघत होते. काकांना मेणाचं कळलं तर पोरीचं काय करतील?

आधी थोरली. बेबीच्या दोन गोळ्या सुरेख, मग एकेक वर वर चढत गेली. काका म्हणाले, "तुझा खांदा सैल पडला." मग ते स्वतः चटईवर झोपले. त्यांच्याही गोळ्या तशाच चढल्या. त्यांनी थोरलीच्या लाकडावरून तळहात फिरवला. पावसाळ्यानं लाकूड फुगलं होतं आणि नळीला दाबत होतं, हे सांगायची गरज नव्हती. दारं पावसाळ्यात फुगतात हे ओव्हरसियरला ठाऊक असतंच.

मग धाकटी. बेबीच्या पाचही गोळ्या एका वाटीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. लोकांत कुजबुज सुरू झाली. काका म्हणाले, "थांबा. पोरीचा हात तरणा आहे. मला मारू द्या." पाच गोळ्या त्यांनी शांतपणे मारल्या. सेक्रेटरी टारगेट काढून घेऊन आले आणि काकांच्या हातात देताना म्हणाले, "तुम्हाला इतकी वर्षं बघतोय, इतकं चांगलं तुम्ही कधी मारलं नव्हतं."

काका टारगेट बघत राहिले. मग त्यांनी धाकटी उचलली, उलटी केली आणि नख नळीखाली घातलं. नख आत गेलं. त्यांनी खिशातलं एसटीचं तिकीट काढलं आणि नळीखालून टोकापासून मागपर्यंत सरकवत नेलं. कुठंच अडलं नाही.

"मेण कुठं गेलं?"

"मी काढलं," बेबी म्हणाली.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काढू दिलं असतं?" तिची मान खाली गेली नाही. "बाबा, ती चूक नव्हती. ती जागा ठेवलेली होती. तुम्ही चांगल्यासाठी बुजवलीत, पण तिला हलायला जागाच राहिली नाही."

क्लबातली मिशीवाली मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली. काकांनी ते तिकीट परत एकदा नळीखालून फिरवलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि चांदमारीच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "हाई मनी पोर शे! ऐकलं का? माझी पोरगी आहे ही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याला बोलावून त्यांनी मिशी उतरवली. काकूंनी रडून घेतलं. "अहो, लोक काय समजतील?" आणि लोक तेच समजले. आमच्याकडे पुरुषानं मिशी काढली की घरात कोणीतरी गेलेलं असतं. पहिल्या दिवशी ऑफिसातले चौघं टोप्या सारख्या करत सांत्वनाला आले. दूधवाला दूध ओतताना डोळे पुसायला लागला. सटाण्याहून एक आत्या बसनं आल्या आणि गेटपासूनच हंबरडा फोडला. प्रत्येकाला काका खुर्ची देत, पाणी देत आणि छाती पुढं काढून सांगत, "कोणी गेलं नाही. पोरीनं हरवलं." मग पुढचा तासभर धाकटीची तारीफ. फटीचं महत्त्व त्यांच्या तोंडून ऐकताना वाटे की ती कल्पना कंपनीला यांनीच सुचवली असावी. इतक्या खुशीत हरलेला माणूस मी परत पाहिला नाही.

पुण्याला जायचा दिवस आला. क्लबाची मेटाडोर द्वारकेच्या पलीकडे पुणे रोडच्या तोंडाशी उभी राहणार होती. काकांनी रजा काढून ठेवली होती, पण आदल्या दिवशी अचानक म्हणाले, "मी येत नाही. आलो तर तिथंही मध्ये मध्ये करीन." आम्ही तिघी आणि काका द्वारकेला आलो. बेबीच्या खांद्यावर खोळीत धाकटी. समोरून कांद्याचे ट्रक एकामागून एक चालले होते. काकांचा एक हात सवयीनं वर गेला, दुसऱ्यानं बेबीचं मनगट धरलं.

तेवढ्यात टायरच्या दुकानातला एक ओळखीचा म्हातारा काकांचं तोंड बघून पुढं आला. "आरं देवा! सायेब, कोन गेलं घरातलं? आमाला कळलंच नाय."

"कोणी गेलं नाही," काका म्हणाले. "ही चाललीय. पुण्याला, बंदूक मारायला. मला हरवून."

असं म्हणताना त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या मुठीत बेबीचं मनगट होतं. त्यांनी मूठ उघडली. वर केलेला हातही खाली घेतला. बेबीनं त्यांच्याकडे पाहिलं. ट्रक धडधडत जात होते आणि मला दिसलं की तिचा हात आता खरंच कापतोय. तिलाही ते कळलं असावं.

"बाबा," ती म्हणाली, "सगळेच घाबरतात का?"

"सगळे," काका म्हणाले. "बोल्ट पार आतपर्यंत ने. अर्ध्यावर थांबू नकोस." आणि आयुष्यभर हात धरून नेण्याचं गुणगान करणाऱ्या त्या माणसानं तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तिला ढकललं. "जा."

ती गेली. दोन ट्रकांच्या मधली जागा तिनं स्वतः हेरली, स्वतः ओलांडली, आणि पलीकडे पोचून मेटाडोरच्या दारातून हात हलवला. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मला इतका अभिमान वाटत होता की कोणाचा वाटतोय तेही सांगता आलं नसतं.

बेबी राज्यात दुसरी आली. सटाण्याची स्थळं काकूंनीच आपण होऊन परत पाठवली. पुढं बेबी देशाच्या स्पर्धेला गेली, आणि लग्न झालं तेही तिनं स्वतः निवडलेल्या, चांगल्या डावऱ्या मुलाशी. त्या जावयासाठी काकांनी न्हाणीघराचा बोल्ट उलट्या बाजूला करून घेतला. थोरली दर रविवारी पहिल्यासारखी चादरीवर यायची, तिच्या पंजाचं कौतुकही पहिल्यासारखंच व्हायचं. खंडेनवमीला दोघींना झेंडू वाहिला जायचा. मेणाची वाटी तेवढी परत चुलीवर चढली नाही.

आणि मिशी त्यांनी परत कधीच वाढवली नाही. मी नाशिक सोडलं त्या वर्षापर्यंत कोणी ना कोणी जुना ओळखीचा रस्त्यात भेटायचा, चेहरा पाडून विचारायचा, "कोण गेलं?" मला वाटतं, या प्रश्नासाठीच ते रोज सकाळी दाढीबरोबर ओठही तासत असावेत.

"कोणी गेलं नाही," काका सांगायचे. "बसा. पोरीनं हरवलं, त्याची गोष्ट सांगतो."